सुकवणीची खोली

१

आमच्या डोंगरात गांजाची झाडं कापतात ती सकाळी, दव सुकल्यावर आणि ऊन तापायच्या आत. त्या वर्षीही ऑक्टोबरच्या सात तारखेला आम्ही तशीच कापली. सहा झाडं. आमच्या राज्यात कायद्याने घरटी सहाच लावता येतात, आणि माझा थोरला भाऊ वेंडेल बाकी कुठला कायदा पाळो न पाळो, हा पाळायचा. सहांत भागतं, म्हणायचा, सातवं लावलं की माणसं येऊ लागतात.

कापलेली फांदी उलटी टांगायची. मोठी पानं आधीच खुडून टाकायची, तुऱ्यांना चिकटलेली बारीक पानं ठेवायची. खोलीत उजेड नको, ऊब नको. वारा हवा, पण तुऱ्यांवर थेट नको, म्हणून पंखा भिंतीकडे तोंड करून लावायचा. कोपऱ्यात हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र, त्याच्या पोटात पाण्याची बादली. दहा-बारा दिवसांनी बारीक काडी वाकवून पाहायची. नुसती वाकली तर थांबायचं. कट्‌ करून मोडली की फांद्या उतरवायच्या, कात्रीने बारीक पानं छाटायची, तुरे काचेच्या बरण्यांत भरायचे आणि पुढे महिनाभर रोज एकदा झाकणं उघडायची.

हे आम्हा दोघांना आईने शिकवलं. तरी आमचं एकमत कधी झालं नाही. माझं म्हणणं, सगळी पानं ओली असतानाच छाटावीत. कात्री सरसर चालते, तारांवर गर्दी होत नाही, बुरशीची भीती कमी. वेंडेलच्या मते ओलं छाटणं म्हणजे कोंबडी जिवंतपणी सोलणं.

"तुझ्या घरी कर तुला हवं तसं," तो म्हणाला.

माझं घर ऑगस्टातल्या वणव्यात जळलं होतं, तेव्हापासून मी आईच्या जुन्या घरात, वेंडेलकडे राहत होते. खालच्या खोऱ्यातलं चाकांवरचं दोन खोल्यांचं घर. चुलीची जाळी तेवढी सापडली. हे त्याला ठाऊक होतं. म्हणूनच बोलला.

मी फांद्या आत नेल्या. सुकवणीची खोली म्हणजे घराच्या मागच्या बाजूची, लहानपणी माझी असलेली खोली. मी लग्न करून गेले त्याच आठवड्यात त्याने खिडकीची काच काळ्या रंगाने रंगवली होती आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पाच तारा ताणल्या होत्या. माझी उंची मोजायच्या पेन्सिलीच्या खुणा दाराच्या चौकटीवरून त्याने तासून काढल्या होत्या. चौकट तेवढीच पांढरी दिसायची.

२

बादली रिकामी करायचं काम माझ्याकडे होतं. पहिले दोन दिवस ती दिवसातून तीनदा भरली. मग दोनदा, मग एकदा. सहाव्या दिवशी तळाला चार बोटं पाणी. हे असंच व्हायला हवं. ओल्या फांदीचा पाऊण हिस्सा पाणीच असतं, ते गेलं की गेलं.

आठव्या दिवशी सकाळी बादली काठोकाठ भरलेली होती.

मला वाटलं, धुकं. समुद्र काही फार लांब नाही आमच्यापासून. हवा आली असेल दाराखालच्या फटीतून. मी फटीत जुनी चादर कोंबली. दुपारी पुन्हा बघितलं तर पुन्हा भरलेली.

मग वाटलं, नळ. मी घराखाली सरपटत गेले. आमची घरं लाकडी खुंटांवर असतात, खाली माणूस कोपरांवर जेमतेम सरकेल एवढी जागा. विजेरी फिरवून सगळे नळ पाहिले. बरोबर त्या खोलीखाली गेले, वरच्या फळ्यांना हात लावला. कोरड्या. खालची माती पिठासारखी मऊ, वर कोळ्यांची जाळी. इथे पाणी कित्येक वर्षांत आलं नव्हतं. वरून पंख्याची घरघर येत होती, आणि त्या घरघरीच्या आड दुसरा एक बारीक आवाज, कोरडी पानं एकमेकांवर घासल्याचा. फांद्या हलत असणार, मी म्हटलं. पंखा आहे ना.

बाहेर आले तर वेंडेल पायऱ्यांवर उभा.

"उंदरांना भेटायला गेलीस होय? जात ओळखली वाटतं."

"बादली भरत्येय, वेंडेल. आठ दिवस झालेत. एवढं पाणी कुठून येतंय?"

"यंत्राला विचार. तुझ्यासारखंच आहे ते. काम कमी, गळणं जास्त."

तो आत जाऊन मोरीच्या नळाखाली पेला धरून उभा राहिला. एक पेला प्यायला, दुसरा, तिसरा. तेव्हा मी एवढंच मनाशी म्हटलं, की बरं झालं, तोंड बंद आहे तोवर बरं.

ती बादली ओतताना चार थेंब माझ्या ओठावर उडाले. हवेतून ओढलेल्या पाण्याला चव नसते. हे खारट होतं.

३

दहाव्या दिवशी ट्रूडी आली. पलीकडच्या कड्यावर एकटी राहणारी, सत्तरीची, तोंडाने फटकळ आणि हाताने चलाख. तीस वर्षं ती आमच्याकडे छाटणीला येत होती. स्वतःची कात्री, स्वतःची उशी आणि बोटांचा चीक काढायला खोबरेल तेलाची डबी घेऊन.

तिने एक फांदी हातात घेतली, काडी वाकवली. कट्‌. तुरा दोन बोटांत धरला तर त्याचा चुरा झाला.

"अरे देवा! ही काय सुकवणी आहे? ही राख आहे राख. चार दिवसांपूर्वी उतरवायला हवं होतं. वेंडेल, झोपला होतास?"

"नोरीनच्या हातचं खाऊन माणूस झोपणार नाही तर काय करणार," वेंडेल माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला.

म्हणजे फांद्या केव्हाच वाळल्या होत्या. तरी त्या सकाळी मी दोन बादल्या ओतल्या होत्या.

आम्ही तिघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी छाटायला बसलो. ताट मांडीवर, तुरा डाव्या हातात फिरवत राहायचा, कात्रीचं टोक पानाच्या देठाशी. एरवी या कामात गप्पा होतात. त्या दिवशी नुसत्या कात्र्या चालल्या. एक फांदी संपली की वेंडेल उठून मागच्या खोलीत दुसरी आणायला जायचा. प्रत्येक वेळी त्याला परतायला जास्त वेळ लागू लागला. पाच मिनिटं. मग पंधरा. मग ट्रूडीच्या मांडीवरचं ताट रिकामं होऊन अर्धा तास झाला तरी तो आलाच नाही.

"आत करतो काय हा?" ट्रूडीने विचारलं.

"स्टूल टाकलंय त्याने आत. बसतो."

"अंधारात?"

तेवढ्यात तो आला. हातात फांदी नव्हतीच. उजेडात आल्यावर ट्रूडीने त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि मग मीही पाहिलं. रोज बघत असल्यामुळे मला दिसलं नव्हतं. ओठ उभे फाटलेले. डोळे खोल. कमरेच्या पट्ट्याला खिळ्याने नवीन दोन भोकं पाडलेली.

"वेंडेल, तुला बरं नाहीये," ट्रूडी म्हणाली.

"मला छान वाटतंय." आणि तो खरंच हसला. गेल्या कित्येक वर्षांत मी त्याला असा हसताना पाहिला नव्हता, मनात काही न ठेवता. "आत फार बरं वाटतं. आत कुणी बोलत नाही."

जाताना ट्रूडीने मला गाडीपाशी गाठलं. "डॉक्टरकडे ने त्याला. उद्याच."

"माझं ऐकतो होय तो?"

"मग ओढत ने. तुझा भाऊ आहे, माझा नाही."

४

बाराव्या दिवशी शेवटची फांदी उतरली. सगळा माल बरण्यांत गेला. तारा रिकाम्या, चिमटे रिकामे. मी यंत्र बंद केलं, पंखा बंद केला, दार लावून घेतलं.

तासाभराने दोन्ही चालू होते आणि वेंडेल आत होता. दुपारी तो जेवायला बाहेर आला, घमेलंभर सूप प्यायला, भाकरीच्या तुकड्याला हात लावला नाही आणि सोफ्यावर डोळे मिटून पडला. मी मागे गेले. बादली पाहिली. भरलेली. कशाने? खोलीत सुकायला काहीच उरलेलं नव्हतं.

मी ठरवलं, आपणच आत बसून बघायचं. पंचावन्न वर्षांची बाई मी. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. यंत्र बिघडलं असेल, भिंतीत पाणी मुरत असेल, काहीतरी असेलच, आणि ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं की संपलं. दार लावून मी स्टुलावर बसले.

आधी काही दिसेना. मग डोळे सरावले. दाराखालून येणारी उजेडाची रेघ, पाच तारा, भिंतीला तोंड करून घरघरणारा पंखा. गांजाचा वास उरला होता, पण त्याखाली आणखी एक वास होता, वाळत घातलेल्या कपड्यांचा, उन्हाचा. बंद खोलीत ऊन कुठलं? आणि तो घासल्याचा आवाज. वरून येत होता, तारांवरून. मी वर पाहिलं. तारांवर काही नव्हतं. आवाज मात्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत होता, कुणी रांगेतून चालत एकेका फांदीला हात लावून बघावं तसा. माझ्या डोक्यावर येऊन तो थांबला.

मी उठायला हवं होतं. पण त्याच वेळी बरं वाटू लागलं. कसं सांगू? ज्या ज्या गोष्टी छातीत ओल धरून बसल्या होत्या, त्या एकेक करून निघून जाऊ लागल्या. नवऱ्याचं जाणं. जळलेलं घर. वेंडेलने आईच्या शेवटच्या आजारात मला कळवलं नाही, ते. एवढी वर्षं जपून ठेवलेला तो राग निघाला आणि त्याच्या जागी काही आलं नाही. हलकं, स्वच्छ, कोरडं वाटत होतं. मी मनाशी म्हटलं, आणखी पाच मिनिटं बसू.

खोकल्याची उबळ आली म्हणून वाचले. जीभ टाळ्याला चिकटली होती, श्वास घशात अडकला, आणि मी धडपडत दाराबाहेर पडले. स्वयंपाकघरातली शेगडी विझून गार झाली होती. मी आत गेले तेव्हा मोठं लाकूड घातलं होतं तिच्यात. खिडकीतलं ऊन जमिनीवरून भिंतीवर चढलेलं. मी पाच मिनिटं म्हणत होते, तीन तास गेले होते.

नळाला तोंड लावून पोटभर प्यायले. मग हाताच्या पाठीची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली, तंबूसारखी. बराच वेळ.

५

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वेंडेलला सांगितलं. शब्द नीट जुळवून, न भांडता. खोलीत काय आहे ते मला ठाऊक नाही म्हणाले, पण ते पाणी फांद्यांचं नाही. ते तुझं आहे. आजपासून आत बसायचं नाही. दाराला कुलूप घालू आणि डॉक्टरकडे जाऊ.

तो ऐकत राहिला. आता त्याचे गाल आत गेले होते, मान शर्टाच्या कॉलरमध्ये सैल फिरत होती. उठला तेव्हा जमिनीच्या फळ्या वाजल्या नाहीत. या घरात त्या मांजर चाललं तरी वाजतात.

"ती खोली हवीये तुला," तो म्हणाला.

"काय?"

"लहानपणापासून तेच. माझी खोली, माझी खोली. आता मी एक जागा शोधलीये जिथे तुझा आवाज येत नाही, तर तीही हवी."

"वेंडेल, आरशात बघ एकदा."

"तू बघ. मेलेल्या आईच्या घरात पथारी पसरून बसलेली दिसेल." त्याने टेबलावरच्या पेल्यातलं पाणी संपवलं. "ऐक. एक नोव्हेंबरला तू इथून निघायचंस. कुठे ते मला सांगू नकोस. मी वकिलाशी बोललोय. घरावर आईने माझंच नाव घातलंय. ती जाताना काय म्हणाली सांगू? नोरीनला आत घेऊ नकोस म्हणाली. एकदा आली की जात नाही."

आई असं म्हणाली असेल का? नसेलही. पण त्याने ते म्हटलं, आणि आदल्या दिवशी खोलीत गेलेला सगळा राग एका घोटात परत आला.

"जा मग," मी म्हणाले. "जाऊन बस आत."

तो गेला. दार लागलं. मी शेगडीपाशी उभी राहून पंख्याची घरघर ऐकत होते. दाराला आतून कडी नव्हती. मी उघडू शकत होते. मला त्या खोलीची भीती वाटत होती हे खरं, पण दार उघडलं नाही ते त्यामुळे नव्हे. दुपारी ट्रूडीचा फोन आला.

"नेलंस का त्याला?"

"सोमवारी नेते. आज बरा आहे."

"आवाज का असा येतोय तुझा?"

"कसा?"

"गार," ती म्हणाली, आणि मी फोन ठेवला.

यंत्राची एक गंमत आहे. बादली भरली की ते आपोआप बंद पडतं. कुणी ओतली तरच पुढे चालतं. ती मी नसती ओतली तर तिथेच थांबलं असतं सगळं. यंत्र दारालगतच होतं; दार जरा ढकलून, आत न बघता, बादली ओढून घेता यायची. त्या दिवशी मी ती तीनदा ओतली. दुसऱ्या दिवशी, रविवारी, चारदा. मोरीत ओतताना पाणी कोमट लागायचं.

६

सोमवारी सकाळी मी बादली ओढली तर ती हलकीच आली. आत पाणी नव्हतं. यंत्र चालू होतं, पंखा चालू होता, आणि बादली ठणठणीत कोरडी. तळाला पांढरी कड, क्षाराची.

"वेंडेल?"

मी दारावर थाप मारली.

"वेंडेल, पुरे झालं. बाहेर ये."

मी दार वीतभर उघडलं. बाहेरच्या पडवीतलं सकाळचं ऊन आत एक पट्टी होऊन गेलं. स्टूल दिसलं, रिकामं. बूट दिसले, स्टुलाशेजारी नीट लावून ठेवलेले. तारा रिकाम्या होत्या. पहिली, दुसरी, तिसरी. पाचव्या तारेवर त्याचा चौकटीचा शर्ट टांगलेला होता, उलटा, बाह्या जमिनीकडे. वाटलं, धुऊन वाळत टाकलाय. तसं वाटून मला हायसंसुद्धा झालं.

मग पंख्याचा वारा भिंतीवरून वळून आला आणि शर्ट हळूच फिरला. बाहीच्या टोकाला बोटं होती. मिटलेली, पिवळसर, एकमेकांत गुंतलेली.

मी वर पाहिलं नाही. पाय कुठे होते, तार त्यांना कशी धरून होती, मी पाहिलं नाही. कोणी विचारलं तर आजही एवढंच सांगते, की पट्टीएवढा उजेड होता आणि मी दार मिटत होते.

दार पुरतं मिटण्याआधी तो घासल्याचा आवाज तारेवरून सरकत त्याच्यापर्यंत आला आणि थांबला. आणि अगदी स्वच्छ, सावकाश, अंधारात कुणीतरी वाकवून पाहिलं.

कट्‌.

७

मी फोन केल्यावर शेरीफकडची, म्हणजे पोलिसांची, माणसं यायला दीड तास लागला. खालच्या वळणावर ओकचं झाड आडवं पडलं होतं, त्यामुळे गाडी फाटकाच्या खालीच थांबली आणि दोघं चालत वर आले. एक पोक्त माणूस आणि एक तरुण बाई. मी पडवीतच बसून राहिले. ते आत गेले, यंत्र आणि पंखा बंद केल्याचा आवाज आला, आणि घर इतकं शांत झालं की मला माझे कान दुखल्यासारखे वाटले.

तो जमिनीवर पडलेला सापडला, असं ते म्हणाले. स्टुलाशेजारी, कुशीवर. तारांवर काही नव्हतं. म्हातारा माणूस, खाणंपिणं नाही, मूत्रपिंडं गेली असतील, असं होतं डोंगरात एकट्यादुकट्यांचं. डाव्या हाताची करंगळी मोडली होती. पडताना मोडली असेल.

"तो एकटा नव्हता. मी होते," मी म्हणाले.

पोक्त माणसाने वहीतून वर पाहिलं आणि मग परत लिहू लागला.

त्याला चादरीत गुंडाळलं. स्ट्रेचर आणलंच नव्हतं त्यांनी, ते खाली गाडीत. पोक्त माणूस म्हणाला, आपण दोघं धरू, पाठ सांभाळून. खाली वाकला, खांद्याशी हात घातला आणि उचलताना तोल जाऊन मागे आला, कारण त्याने माणसाच्या वजनाचा जोर लावला होता. त्याने त्या तरुण बाईकडे पाहिलं. दोघांनाही पुढे हात घालवेना.

"मी घेते," मी म्हणाले.

मी त्याला दोन्ही हातांवर घेतलं. पायऱ्या उतरले, अंगण ओलांडलं. चादरीच्या आत काहीतरी बारीक कुरकुरत होतं, मी ते ऐकायचं नाही असं ठरवलं होतं. ट्रूडी बातमी ऐकून आली होती, फाटकाला टेकून उभी होती. फाटकाजवळच्या कड्यावर पोचलो तेव्हा समुद्राकडून वारा आला, आमच्याकडे सकाळी दहाच्या सुमाराला येतो तो, झाडं वाकवणारा. चादर फुगली. माझ्या हातांवरचं ओझं उचललं गेलं, एका बाजूने, सरळ वर, पतंग दोरी ओढतो तसं.

मी त्याला छातीशी घट्ट धरलं. एक हात पाठीभोवती, एक डोक्यामागे. आईच्या दफनाच्या दिवशीही आम्ही एकमेकांना शिवलो नव्हतो.

ट्रूडीने फाटक उघडलं, पण बाजूला झाली नाही.

"आता कवटाळतेस होय त्याला?"

मला तिला उत्तर द्यायचं होतं. पण वारा थांबत नव्हता, आणि हात सैल केले असते तर तो गेला असता.